हेडचा बोल्ट टॉर्क धरत नाही: ॲल्युमिनियम ब्लॉकमधल्या गेलेल्या आट्यांचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९९९ची मारुती एस्टीम. घरामागच्या शेडमध्ये इंजिन पूर्ण उघडून बांधायला घेतलंय. रिंगा, बेअरिंगं, पॅकिंग सेट सगळं नवं. हेड (इंजिनच्या ब्लॉकवर, म्हणजे मुख्य सांगाड्यावर, बसणारं वरचं झाकण) आवळताना बाकीचे बोल्ट शेवटच्या टॉर्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या आवळण्याच्या जोरावर, आले, पण मागच्या बाजूचा एक बोल्ट टॉर्क पान्हा ‘टक्’ करायच्या आधीच मऊ पडला आणि नुसता फिरायला लागला. काढून पाहिला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचं स्प्रिंगसारखं वेटोळं. एक मिस्त्री म्हणतो एक साइज मोठा बोल्ट घाला, दुसरा म्हणतो ॲरल्डाइट भरून बसवा, तिसऱ्याने सरळ ब्लॉक भंगारात काढला. आता काय करायचं?

ब्लॉक भंगारात घालू नका, आणि ॲरल्डाइटच्या तर वाटेलाही जाऊ नका. ते भोक दुरुस्त होतं. नीट केलं तर कंपनीतून आलं होतं त्याहून मजबूत होतं. ‘नीट’ हा शब्द मात्र मी जपून वापरतोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीसेक वर्षं हेड-ब्लॉकचीच कामं करतोय. माझ्या टेबलावर येणारी अवघड भोकं बहुतेक वेळा आधी कुणीतरी ‘दुरुस्त’ केलेली असतात. मूळचा बिघाड तासाभराचा असतो, आधीची दुरुस्ती उपसून काढायला दिवस जातो. तुमचं भोक अजून कोरं आहे, तेव्हा घाई करू नका.

पहिल्यांदा ते वेटोळं टाकून दिलं नसेल तर पुन्हा हातात घ्या आणि उन्हात धरा. ते चकचकीत, चांदीसारखं आणि सलग निघालं असेल तर धातू चांगला होता, त्याच्यावर ताण जास्त पडला. करडं, भुसभुशीत असेल, बोटांनी चुरडल्यावर पांढरी पूड पडत असेल, तर आटे कित्येक वर्षांपासून कुजत होते आणि तुम्ही फक्त शेवटचा धक्का दिलात. दोन्हींचा इलाज वरवर एकच दिसतो, पण बाकीच्या बोल्टांचं काय करायचं ते या पुडीवर ठरतं.

कुजण्याचं कारण आपल्याकडे बहुतेक वेळा पाणीच असतं. कूलंट टाकायचं सोडून बोअरचं पाणी भरत राहिलं, त्यात हेड गॅसकेट कधीतरी थोडं झिरपलं, की ते क्षारांचं पाणी बोल्टच्या भोकात उतरतं. लोखंडी बोल्ट, ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि मध्ये खारट पाणी म्हणजे छोटी बॅटरीच झाली, आणि त्या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम. गाडी पूर्वी कधी गरम झाली होती का, हे वडिलांना विचारा.

ताण जास्त पडला असेल तर दुसरा प्रश्न: बोल्टला तेल लावलं होतं का, आणि किती? टॉर्क पान्हा आपल्याला बोल्ट किती ओढला गेला ते सांगत नाही, तो फक्त फिरवायला किती जोर लागला ते सांगतो. त्या जोरातला निम्मा बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के खऱ्या आवळण्याच्या कामी येतो. घर्षण थोडं बदललं की तो दहाचा वाटा कुठल्या कुठे जातो. उदाहरणापुरता १० मिलिमीटरचा बोल्ट आणि ६५ न्यूटन-मीटर टॉर्क धरा. कोरड्या आट्यांवर साधारण सव्वातीन टनाची ओढ बसते. त्याच बोल्टला तेल चोपडून तोच आकडा दिला की ओढ साडेचार टनांच्या जवळ जाते. बोल्ट ते सोसतो, कारण तो चांगल्या पोलादाचा आहे. वीस-पंचवीस वर्षं तापून थंड झालेलं ॲल्युमिनियम सोसेलच असं नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये आकड्याबरोबर आटे कोरडे ठेवायचे की तेल लावून, हेही वाचायचं असतं. तेल लावा म्हटलं असेल तर दोन थेंब. बोल्ट तेलाच्या डब्यात बुडवून काढायचा नाही.

त्यातून आणखी एक गोष्ट होते. भोक खाली बंद असेल आणि तळाशी तेल, पाणी किंवा जुन्या गॅसकेटचा चुरा साठला असेल तर बोल्ट पिस्टनसारखा त्या तेलावर बसतो. तेल दबत नाही. मग एक तर आटे उपटतात, नाहीतर ब्लॉकला चीर जाते. चिरेपेक्षा गेलेले आटे कधीही परवडले. हेड ठेवण्याआधी प्रत्येक भोकात कापडाची वात घालून फिरवायची, हवा मारायची, आणि बोल्ट हाताने तळापर्यंत जाऊन किती आटे वर राहतात ते पाहायचं.

आता मोठ्या बोल्टचा सल्ला. एक साइज मोठा म्हणजे १२ मिलिमीटरचा. त्यासाठी हेडमधलं भोक मोठं करावं लागेल, गॅसकेटचं भोक मोठं करावं लागेल, आणि मॅन्युअलमधला टॉर्क त्या एका बोल्टला लागू पडणार नाही. बाकीचे एका ओढीने हेड दाबणार, हा दुसऱ्याच. ट्रॅक्टरच्या मडगार्डला हा उपाय चालतो, हेडला चालत नाही. ॲरल्डाइट, एमसील, आट्यांत तांब्याची तार गुंडाळणं, टेफ्लॉन टेप, हे सगळं याच पंगतीतलं. शंभर डिग्रीच्या आसपास रोज तापणाऱ्या ब्लॉकमध्ये तीन-चार टनांची ओढ गोंदाने धरायची, हे बोलून पाहिलं तरी कळतं.

खरा उपाय म्हणजे इन्सर्ट. बाजारात सगळे त्याला ‘कॉइल’ किंवा ‘हेलिकॉइल’ म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. पत्त्यांतल्या चौकटसारख्या छेदाची स्टेनलेस तार स्प्रिंगसारखी वळवलेली असते. बाहेरची कड ब्लॉकमध्ये कापलेल्या नव्या, मोठ्या आट्यांत बसते आणि आतली कड तुमच्या मूळ मापाच्या बोल्टला नवे पोलादी आटे देते. कॉइल मोकळी असताना भोकापेक्षा किंचित जाड असते, म्हणून आत गेल्यावर स्वतःच्या ताणाने धरून बसते. मजबुतीचं कारण साधं आहे. १० बाय १.२५ च्या (१० मिलिमीटर व्यास, १.२५ मिलिमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) बोल्टसाठी ब्लॉकमधले नवे आटे साधारण ११.६ मिलिमीटर व्यासाचे होतात. म्हणजे ओढ धरणारं ॲल्युमिनियम आधीपेक्षा जास्त. शिवाय बोल्टचा पहिला आटाच एकूण भारातला तिसरा हिस्सा खातो, तिथे तार थोडी दबून तो भार पुढच्या आट्यांवर पसरवते. ‘कॉइल म्हणजे ठिगळ’ असं म्हणणाऱ्यांना मी सांगतो की विमानांच्या इंजिनांत ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या कोऱ्या करकरीत कास्टिंगमध्ये कारखान्यातच कॉइल घालून देतात.

दुकानात जाण्याआधी मापं घ्या. बोल्टवर पिच गेज लावा. जपानी घराण्याच्या गाड्यांत १० मिलिमीटरच्या बोल्टला १.२५ची पिच भरपूर आढळते आणि हार्डवेअरच्या दुकानात गड्याचा हात सवयीने १.५च्या खोक्याकडे जातो. दोन्ही बोल्ट डोळ्याला सारखेच दिसतात. पिच गेज नसेल तर चांगल्या भोकातला बोल्ट आणि तुम्ही आणलेला बोल्ट आटे एकमेकांत अडकवून उजेडात धरा. फट दिसली की चुकलं. मग भोकाची पूर्ण खोली आणि आटे पृष्ठभागापासून किती खाली सुरू होतात ते व्हर्निअरच्या शेपटीने मोजा. बऱ्याच ब्लॉकमध्ये वरचे काही मिलिमीटर मोकळे ठेवलेले असतात, म्हणजे आटे ताणले गेले तरी वरचा सपाट भाग फुगून येत नाही. तो मोकळा भाग पुढे उपयोगी पडणार आहे.

कॉइलची लांबी बोल्टच्या व्यासाच्या पटीत मिळते: दीडपट, दोनपट, अडीचपट. ॲल्युमिनियममध्ये हेडच्या बोल्टला दोनपटीखाली येऊ नका, म्हणजे इथे २० मिलिमीटर, आणि मूळ आट्यांची लांबी त्याहून जास्त असेल तर तेवढी. पेटीबंद किटमध्ये बहुतेक दीडपटीच्या कॉइल असतात. त्या घेऊन घरी येऊ नका. लांब मिळाल्याच नाहीत तर एकावर एक दोन बसवता येतात.

भोकाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. यावरच दुरुस्ती तरते किंवा बुडते.

ड्रिल १०.३ मिलिमीटरचं लागतं. गेलेलं भोक जवळपास दहाचं झालेलंच असतं, म्हणजे कापायचं ते बाजूला दीड-दोन केसांइतकं. इथे नवखे फसतात. इतकं कमी कापताना ड्रिलला मधून आधार नसतो, ते ॲल्युमिनियमला चावतं आणि स्क्रूसारखं स्वतःच आत ओढलं जातं. मशीन हातातून हिसका मारते, आणि बाहेर काढल्यावर भोक वर लंबगोल, खाली तिरपं. यावर जुन्या टर्नरांची युक्ती आहे. ड्रिलच्या दोन्ही कापणाऱ्या धारांवर पुढच्या बाजूने ऑइल स्टोन दोन-चार वेळा सरळ उभा फिरवायचा, म्हणजे धारेचा आकड्यासारखा बाक मोडतो. मग ड्रिल चावत नाही, नुसतं खरवडतं. पितळेच्या कामात हीच धार वापरतात.

आणि हेडच्या बोल्टचं भोक हातातल्या मशीनवर करू नका. तुमचा ब्लॉक रिकामा असता तर मी एका ओळीत लिहिलं असतं की रेडियल ड्रिल किंवा मिलिंगवर न्या, मोकळ्या भागाला डायल गेज लावून भोक मध्यात धरायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. पण तुमचं खालचं सगळं बांधून झालंय. पुन्हा उघडायचं जिवावर येणार, हे मला कळतं. मग लेथवाल्याकडून एक जाड पट्टी करून घ्या: २५ मिलिमीटर जाडीची, पृष्ठभाग सपाट ग्राइंड केलेला, दोन भोकांची. एकातून शेजारच्या चांगल्या भोकात बोल्ट जाऊन पट्टी ब्लॉकवर बसते. दुसऱ्यात दोन बुश, म्हणजे पोकळ नळकांड्या, आळीपाळीने बसतात. एक ड्रिलच्या मापाचा, दुसरा टॅपच्या (आटे कापायच्या हत्याराच्या) अंगाच्या मापाचा. जागा पक्की करायला लेथवर एक पिन वळवून घ्या. तिचं खालचं टोक ब्लॉकच्या मोकळ्या भागात घट्ट बसेल आणि वरचं पट्टीच्या भोकात. पिन घालून पट्टी आवळायची, पिन काढायची, बुश घालायचा. आता ड्रिल हातातल्या मशीनला लावलं तरी ते सरळच जाणार. पट्टीचा खर्च गॅसकेट सेटपेक्षा नक्की कमी येईल.

ड्रिल करण्याआधी सिलिंडर, पाण्याच्या वाटा, तेलाच्या वाटा ग्रीस लावलेल्या कापडाने गच्च बंद करा. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून टेप लावा, आणि मूळ तळाच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबा. तळाखाली पाण्याचं जॅकेट, म्हणजे ब्लॉकमधली पाणी फिरायची पोकळी, असू शकतं. तिथे भोक पडलं तर कॉइल पाणी अडवत नाही, तारेच्या वळणावळणाने ते वर चढतं. ड्रिलच्या खाचांत ग्रीस भरा, कीस ग्रीसलाच चिकटून बाहेर येतो.

टॅप कॉइलचाच हवा. साधा १२चा टॅप चालत नाही, ते माप वेगळं आहे. ॲल्युमिनियमला टॅप मारताना रॉकेलसारखं काही नाही, पण रॉकेल हल्ली मिळायची मारामार. डिझेल चालतं. तीन-चार चमचे लागतील, कंजूषी करू नका. अर्धा वळसा पुढे, पाव मागे, आणि दोन-तीन वळशांनी पूर्ण बाहेर काढून ब्रशने साफ. हाताला टॅप जड वाटायला लागला की जोर लावायचा नाही, बाहेर काढायचा. बंद भोकात तळाशी जाताना शेवटचा, सपाट टोकाचा टॅप वापरावा लागतो, नाहीतर खालचे तीन-चार आटे अर्धवटच राहतात. झाल्यावर ब्रेक क्लीनर मारा आणि चष्मा घालून हवा मारा. बंद भोकात हवा मारली की सगळा कीस सरळ तोंडावर येतो.

कॉइल बसवताना तिला खाली दाबायचं नाही. दाबली की ती एक आटा गाळून पुढच्यात उतरते, आणि बोल्ट घालेपर्यंत ते कळत नाही. कॉइलच्या खालच्या टोकाला तारेची आडवी शेपटी असते, ती टूलवर अडकवा, हलक्या हाताने फिरवा, ती आपोआप उतरते. वरची कड आटे सुरू होतात तिथून पाव ते अर्धा वळसा खाली गेली की थांबा. मग शेपटी मोडायची: शेपटीवर सपाट टोकाचा पंच ठेवून एकच नेमका ठोका.

या शेपटीवरून माझी एक फजिती सांगतो. मी नवीन होतो, १९९४-९५च्या सुमाराला. एका जीपच्या हेडचे दोन बोल्ट मी कॉइल घालून तयार केले. एक शेपटी मोडून हाताला लागली. दुसरी दिसली नाही, तेव्हा ‘पडली असेल कुठेतरी’ म्हणून मी हेड आवळलं. पान्ह्याने टक् केलं, सगळं झकास. पंधरा दिवसांत गाडी रेडिएटरमधून बुडबुडे काढत परत आली. हेड उचललं तर त्या भोकाच्या तळाशी शेपटी आडवी पडलेली, आणि बोल्टच्या टोकावर तिचा ठसा. बोल्ट तिच्यावर टेकला होता. टॉर्क बसला तो शेपटीवर, हेड त्या जागी नुसतं ठेवलेलं होतं. आमचे उस्ताद ओरडले नाहीत. त्यांनी ती शेपटी एका काडेपेटीत घालून माझ्या टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटवली. तेव्हापासून मोडलेली शेपटी फडक्यावर ठेवून मोजल्याशिवाय मी पुढे जात नाही. ती चुंबकाला नीट चिकटत नाही, स्टेनलेस आहे. काडीच्या टोकाला ग्रीस लावून काढा. दोन कॉइल एकावर एक घालणार असाल तर पहिलीची शेपटी बाहेर आल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

कॉइलला पर्याय म्हणजे भरीव बुश. तयार मिळतात, टाइम-सर्टसारख्या, वर कॉलर असलेल्या, ज्यांचे खालचे आटे बसवतानाच फुगून ब्लॉकमध्ये पकड घेतात. स्पार्क प्लगच्या भोकाला मी बुशच पसंत करतो, कारण प्लग वारंवार काढला जातो आणि कधी कधी कॉइल प्लगबरोबर बाहेर येते. आमच्याकडे लेथवरही बुश वळवतात, ईएन ८ पोलादाच्या दांड्यातून, बाहेरून १४ आणि आतून १०. चांगला टर्नर असेल आणि पक्क्या ग्रेडचा लॉकटाइट (आटे पक्के धरणारा द्रव) लावला असेल तर तेही वर्षानुवर्षं चालतं. पण बुशला भोक मोठं लागतं. तुमच्या भोकाच्या बाजूला पाण्याचं जॅकेट किंवा लाइनर (सिलिंडरचं आतलं लोखंडी अस्तर) किती जवळ आहे ते मला इथून दिसत नाही, म्हणून मी कॉइलच सुचवतोय. तिला सगळ्यात कमी धातू काढावा लागतो. कधी कॉइलही फसली तर बुशची वाट उघडी राहते. उलट प्रवास करता येत नाही.

वेल्डिंगने भोक भरून नव्याने ड्रिल करायचा सल्ला कुणी दिला तर शेवटचा पर्याय म्हणून कानामागे ठेवा. उष्णतेने तिथला धातू मऊ पडतो, वरचा पृष्ठभाग वाकतो, आणि मग ब्लॉक फेसिंगला, म्हणजे वरचा पृष्ठभाग सपाट करायला, न्यावाच लागतो.

आता बाकीचे बोल्ट. एकाचे आटे चकचकीत, स्वच्छ उपटले असतील आणि बाकीच्यांनी टॉर्क खणखणीत धरला असेल तर त्यांच्या भोकांना कॉइल घालायची गरज नाही. पुडी निघाली असेल तर मात्र शेजारची भोकंही त्याच पाण्यात भिजलेली आहेत. अशा वेळी मी गिऱ्हाइकाला सगळीच कॉइल करायला सांगतो, आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. हा आजार जगभरचा आहे. अमेरिकेत १९९०च्या दशकातल्या कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार इंजिनात ॲल्युमिनियम ब्लॉकमधून हेडचे बोल्ट उपटायचे, आणि तिथले चांगले कारागीर फक्त गेलेलं भोक न करता झाडून सगळ्या भोकांना इन्सर्ट घालायचे. पुढे कंपनीनेच त्या बोल्टांची पिच जाड केली. मऊ धातूत जाड, खोल आटे जास्त धरतात.

चांगल्या भोकांची साफसफाई करताना टॅप घालू नका. टॅप कापतो. नवा टॅप जुन्या भोकात घातला की थोडं ॲल्युमिनियम घेऊनच बाहेर येतो. जुना हेड बोल्ट घ्या, हॅकसॉने त्याच्या आट्यांवर उभ्या तीन खाचा पाडा, कडा कानशीने मोडा. झालं तुमचं साफ करायचं हत्यार. हाताने आतबाहेर फिरवा. खाचांत जे येईल ते कागदावर झटकून पाहा, काळी मळी आली तर ठीक, चमकणारं काही आलं तर थांबा.

हेड ठेवण्याआधी दुरुस्त केलेल्या भोकाची परीक्षा घ्या. हे फार कमी लोक करतात, आणि मला ते का कळत नाही. हेडच्या उंचीइतका जाड पाइपचा तुकडा लेथवर दोन्ही बाजूंनी सपाट करून घ्या. तो भोकावर उभा ठेवा, वर कडक वायसर, जुना बोल्ट, आणि पूर्ण टॉर्क द्या, टप्प्याटप्प्याने. दहा मिनिटं सोडा. पुन्हा पान्हा लावा. बोल्ट न हलता टक् झालं पाहिजे. मोकळा करून आणखी एकदा करा. पाइप काढून भोकाभोवती सरळ पट्टी उभी धरून उजेड पाहा. पृष्ठभाग फुगला असेल तर ऑइल स्टोनने फक्त तेवढाच भाग उतरवा. भोक फसायचंच असेल तर इथे फसू दे, नव्या गॅसकेटवर नको. एकदा आवळून चेपलेलं गॅसकेट पुन्हा वापरायचं नाही, म्हणजे तुमच्या या वेळच्या सेटमधलं ते एक गेलंच, दुसरं आणा. बोल्ट ताणून आवळायच्या जातीचे असतील, म्हणजे मॅन्युअलमध्ये टॉर्कनंतर अंशांचं माप दिलं असेल, तर बोल्टही नवेच.

इंजिन बांधताना आणखी कुठले आटे जातील ते सांगून ठेवतो. हेडवरच्या कव्हरचे आणि कॅमच्या टोप्यांचे ६ मिलिमीटरचे, दहाच्या पान्ह्याचे बोल्ट. त्यांना दहा न्यूटन-मीटरच्या आसपासचा टॉर्क पुरतो, आणि तुमचा मोठा पान्हा त्या आकड्याला आंधळा असतो. छोटा पान्हा आणा, तोवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीला गोटी लावून हाताने आवळा. तिथे आटे गेले तर ६.३चं ड्रिल आणि तीच पद्धत. कॅमच्या टोपीचं भोक तिरपं गेलं तर टोपी ओढली जाते आणि कॅम अडकतो, म्हणून तिथेही पट्टी वापरा.

ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट फिरत असेल तर बाजारात मिळणारा स्वतःच आटे पाडणारा जाड बोल्ट घालू नका. तो तिरपा जातो आणि त्याचा कीस चेंबरमध्येच राहतो. चेंबर पत्र्याचं असेल आणि आतला नट गेला असेल तर नवं किंवा चांगलं जुनं चेंबर स्वस्त पडतं. स्पार्क प्लग थंड हेडमध्येच काढा-घाला, आणि सुरुवातीचे वळसे बोटांनी द्या. रबरी पाइपचा तुकडा प्लगच्या डोक्यात अडकवून फिरवलात तर आटे चुकल्यावर पाइप घसरतो, प्लग पुढे जात नाही. प्लगवर चमकदार मुलामा असेल तर वर ग्रीससारखं काही लावू नका, त्याने तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त ओढला जातो.

एवढं झाल्यावर तीन आकडे लिहून पाठवा: भोकाची खोली, आटे किती खाली सुरू होतात ते, आणि बोल्टची लांबी. त्यावरून कॉइल दोनपटीची की अडीचपटीची ते सांगता येईल. आणि आज रात्री ब्लॉक तसाच उघडा ठेवू नका. लाइनर लोखंडाचे आहेत, हवा पावसाळी आहे. चारही सिलिंडरमध्ये बोटाने इंजिन ऑइल फिरवा, वर स्वच्छ सुती फडकं, त्यावर प्लॅस्टिक. प्लॅस्टिक थेट धातूवर टाकलंत तर खाली दव धरतं, आणि सकाळी नव्या होनिंगवर, म्हणजे सिलिंडरच्या आतून घासलेल्या पृष्ठभागावर, तांबडी छटा दिसते.